बार्बाडोसमध्ये खासगी कॅटामरान ठरवून स्नॉर्केलिंग: पोहता न येणाऱ्यांनाही सोबत घेऊन

२९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-२० विश्वचषक जिंकला आणि बार्बाडोस हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. त्याच शहराला लागून असलेल्या कार्लाइल बेमध्ये पाण्याखाली जुन्या बोटी विसावलेल्या आहेत, त्यांच्याभोवती माशांचे थवे आहेत आणि आजूबाजूला समुद्री कासवे फिरतात. तिथे स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पालथे तरंगत पाण्याखालचे पाहायला, नेणाऱ्या कॅटामरान (दोन नावांच्या शिडाच्या बोटी) रोज सुटतात. प्रश्न असतो तो तिकीट काढून चाळीस-पन्नास जणांच्या बोटीवर जायचे की पूर्ण बोट आपल्यासाठी ठरवायची.

दोघेच असाल आणि पोहता येत असेल, तर सामायिक बोट पुरते. पण आजी-आजोबा, दोन-तीन कुटुंबे, लहान मुले आणि त्यात निम्म्यांना पोहता येत नाही अशी मंडळी असतील, तर खासगी बोटीचे पैसे सार्थकी लागतात. तिथे वेळ तुमच्या हातात असतो. नळीतून श्वास घेण्याची भीती जायला एखाद्याला पाच मिनिटे लागतात, एखाद्याला चाळीस. सामायिक बोटीवर मात्र चाळिसाव्या मिनिटाला नांगर उचललेला असतो.

कॅटामरान म्हणजे दोन लांब, अरुंद नावा समांतर ठेवून वर एकच डेक बांधलेली शिडाची बोट. हा शब्द मूळ तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेले ओंडके. आपल्या सिंधुदुर्गातली उलांडी लावलेली होडी ज्या कारणाने कलंडत नाही, त्याच कारणाने ही बोटही फारशी कलत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना तिच्यावर वावरणे सोपे जाते.

पहिली पायरी: महिना आणि वार

डिसेंबर ते मे हा कोरडा हंगाम. वारा कायम पूर्वेकडून येतो, त्यामुळे अटलांटिककडची पूर्व बाजू खवळलेली असते आणि बेटाच्या आडोशाला असलेली पश्चिम बाजू शांत. सगळ्या स्नॉर्केलिंग फेऱ्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला असतात, त्या यामुळेच. अपवाद एक: हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लांब लाटा पश्चिम किनाऱ्यावरही येऊन आपटतात. वारा नसतो, ऊन असते, तरी पाणी दोन-तीन दिवस गढूळ राहते. म्हणून सहल मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा. मग बिघडली तर पुढे ढकलायला जागा उरते.

जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. त्या विश्वविजयानंतर भारतीय संघ बार्बाडोसमध्ये अडकून पडला तो बेरिल या वादळामुळे. तेव्हा ब्रिजटाउनमधल्या मासेमारीच्या बोटींचेही मोठे नुकसान झाले होते. या महिन्यांत बुकिंग करणार असाल तर रिफंडची अट लेखी हवी.

वार ठरवताना ब्रिजटाउन बंदरात त्या दिवशी किती क्रूझ जहाजे येणार आहेत ते पाहा. हे वेळापत्रक इंटरनेटवर सापडते. तीन-चार मोठी जहाजे लागलेल्या दिवशी कासवांच्या जागी बोटींची रांग लागते. जहाज नसलेला किंवा एकच असलेला दिवस मिळाला, तर तोच घ्या.

दुसरी पायरी: पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

सर्वांत आधी चलन. बार्बाडोसचा डॉलर अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर. कोणी फोनवर नुसते ‘दोन हजार डॉलर’ म्हणाले, तर दोन अर्थांत दुपटीचा फरक आहे. कोणता डॉलर, व्हॅट धरून की सोडून, हे लिहून घ्या.

मग हे विचारा: बोट फक्त आमच्यासाठीच आहे ना? ‘सेमी प्रायव्हेट’ म्हणजे दुसरा गटही सोबत असणार. किती प्रवाशांचा परवाना आणि विमा आहे? वेळ कुठून मोजता, धक्का सोडल्यापासून की हॉटेलवरून गाडी निघाल्यापासून? चार तासांच्या सहलीत हा फरक तासाभराचा होऊ शकतो. हवामानामुळे सहल रद्द करायचा निर्णय कोणाचा, आणि पैसे परत मिळतात की फक्त तारीख बदलून मिळते?

एक प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा: आम्ही पाण्यात असताना तुमचे किती जण आमच्याबरोबर पाण्यात उतरतात? कप्तानाने बोटीवरच थांबायला हवे. त्याच्याशिवाय किमान एक जण पाण्यात आणि एक जण डेकवरून नजर ठेवून असायला हवा. तुमच्यात पोहता न येणारे चारपेक्षा जास्त असतील, तर पाण्यात दोन मार्गदर्शक मागा. जादा पैसे पडले तरी हा खर्च वाचवू नका.

एकूण रकमेला माणसांनी भागून पाहा. आठ जणांत जे महाग वाटते तेच सोळा जणांत सामायिक बोटीच्या तिकिटाच्या जवळ येते. मात्र माणसे वाढवायची म्हणून परवान्याच्या आकड्याला टेकू नका. सोळा जणांची क्षमता असलेल्या बोटीवर बारा जण सुखाने बसतात.

जेवण बहुतेक भाड्यात धरलेले असते: मासे किंवा चिकन, मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), भात. शाकाहारींनी नुसते ‘व्हेज’ म्हणून थांबू नये. तिथला ‘राइस अँड पीज’ हा डाळ-भातासारखा दिसणारा पदार्थ पुष्कळदा खारवलेल्या मांसाबरोबर शिजवतात आणि मॅकरोनी पायमध्ये अंडे असू शकते. मांस, मासे, अंडे यांपैकी काय चालत नाही ते नावानिशी, दोन दिवस आधी कळवा.

कागदपत्रे आणि बॅग, थोडक्यात

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी थोडे दिवस राहायला बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही, पण भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेत विमान बदलायचे तर अमेरिकेचा व्हिसा लागतोच, आणि लंडनमार्गे जाताना तिथले ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी पाहा. न्यू यॉर्क, मायामी, टोरांटो, लंडन इथल्या मराठी मंडळींना सहसा थेट विमान मिळते.

लष्करी छापाचे कपडे बॅगेत टाकू नका. बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकाने, अगदी लहान मुलानेसुद्धा, तसे कपडे घालणे कायद्याने गुन्हा आहे.

तिसरी पायरी: सराव, बोटीवर चढण्याआधी

बोटीवरून उतरल्यावर पायाखाली जमीन नसते. पहिला सराव तिथे करायचा नाही. घराजवळच्या पोहण्याच्या तलावात, किंवा पावसाळा सोडून मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकदा स्नॉर्केलिंग करून पाहा. तेही जमले नाही तर आदल्या दिवशी बार्बाडोसच्याच एखाद्या शांत किनाऱ्यावर, कंबरभर पाण्यात अर्धा तास द्या.

क्रम असा. आधी मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हळूच श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मिशी असेल तर वरच्या ओठावरून पाणी आत येते. सिलिकॉनच्या मास्कखाली मिशीला किंचित व्हॅसलीन लावल्याने ते बरेच थांबते. केसांची एक बट जरी कडेखाली अडकली तरी गळती होते. पट्टा घट्ट करून गळती थांबत नाही, उलट कडा वाकते आणि पाणी वाढते. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगवट्यावर हवा, कानांवर नको.

मग नळी. गुडघ्यांवर हात ठेवून वाका, चेहरा पाण्यात घाला आणि फक्त तोंडाने श्वास घ्या. सोडायचा श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब. पहिली दोन मिनिटे छाती धडधडते, कारण नाक बंद असले की शरीराला गुदमरल्यासारखे वाटते. ते आपोआप ओसरते. नळीत पाणी शिरले तर मेणबत्ती विझवताना मारतो तशी एक जोराची फुंकर मारा, आणि पुढचा श्वास सावकाश घ्या.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क नवख्यांना सोपे वाटतात. आम्ही ते सुचवत नाही. चांगली रचना नसेल तर सोडलेली हवा आतच फिरते, आणि घाबरल्यावर नळी जशी तोंडातून थुंकून टाकता येते तसा तो मास्क पटकन काढता येत नाही.

चश्म्याचा नंबर मोठा असेल तर नंबरचा मास्क बोटवाल्याकडे आहे का ते आधी विचारा. हृदयविकार, दमा, अपस्मार असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. नळीतून दमछाक करत पोहणे हे वरून दिसते त्यापेक्षा हृदयावर जास्त ताण टाकते.

चौथी पायरी: त्या दिवशी सकाळी

सकाळची फेरी घ्या. वारा कमी, पाणी स्वच्छ, गर्दी विरळ. खासगी बोट असल्याने साडेआठला निघायची मागणी करता येते. सामायिक बोटींच्या आधी तास-दीड तास मिळाला तरी कासवांच्या जागी मोठा फरक पडतो.

न्याहारी हलकी करा, पण उपाशी निघू नका. रिकाम्या पोटी बोट जास्त लागते. उलटीची गोळी घेणार असाल तर निघण्यापूर्वी तासभर, आणि तीही डॉक्टरांना विचारून, घरी एकदा घेऊन पाहिलेली. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीने अनेकांना गाढ झोप येते. झोपाळलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये.

पाठीवर, मानेवर आणि गुडघ्यांच्या मागे ऊन सर्वांत जास्त भाजते, कारण तुम्ही पालथे तरंगत असता. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा शर्ट आणि लांब पँट हा क्रीमपेक्षा चांगला उपाय. उघड्या भागावर झिंक ऑक्साइडचे क्रीम निघण्याआधी अर्धा तास लावा. सुती कुर्ता, ओढणी पाण्यात जड होते आणि पायांत गुंतते. मंगळसूत्र, अंगठ्या, पैंजण हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. थंड पाण्याने बोटे आकसतात आणि अंगठी निसटते. चकाकणारे दागिने बाराकुडासारख्या माशांचे लक्ष वेधतात.

बोटीवर चढताना चपला टोपलीत जातात आणि सगळे अनवाणी. पुढच्या बाजूला दोन नावांमध्ये ताणलेल्या जाळीवर बसायला मुले आधी धावतात. तिथे उड्या मारू देऊ नका.

पाचवी पायरी: पाण्यात

थांब्यांचा क्रम आमच्या मते असा असावा: आधी कार्लाइल बे, मग शिडावर उत्तरेला सुमारे ११ किलोमीटर होलटाउनच्या दिशेने, पेन्स बेच्या आसपास दुसरा थांबा, आणि जेवण त्यानंतर. रम पंच भाड्यातच असतो आणि आग्रहाने दिला जातो. शेवटचा माणूस पाण्यातून वर येईपर्यंत तो कोणी घेऊ नये.

कार्लाइल बेमध्ये बर्विन ही १९१९ मध्ये बुडालेली फ्रेंच टग (मोठी जहाजे ओढणारी बोट) उथळ पाण्यात आहे आणि तिच्यावर प्रवाळ वाढले आहे. २००२ मध्ये मुद्दाम बुडवलेली बजान क्वीन जास्त खोलवर आहे, तरी तिचा वरचा भाग पृष्ठभागापासून काही फुटांवरच असल्याने वरून तरंगतही नीट दिसतो. नवख्यांना बर्विनवर न्या. आत शिरायचा मोह कोणीही करू नये, लोखंडाच्या कडा धारदार आहेत.

मास्कच्या काचेला आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून पाण्याने खळबळून घ्या, वाफ धरत नाही. फिन्स (पायांत घालायचे पोहण्याचे पंख) डेकवर घालून चालू नका, पायरीवर बसूनच घाला. पोहता न येणाऱ्यांसाठी एक तपशील कळीचा आहे: जाड फोमचे लाइफ जॅकेट माणसाला उभे किंवा उताणे धरते, आणि स्नॉर्केलिंगला पालथे तरंगायचे असते. जॅकेट घातलेलेच ठेवा, पण पुढ्यात फोमची लांब काठी काखांखाली द्या, किंवा मार्गदर्शकाने दोरीने ओढायच्या तरंगत्या रिंगला दोन्ही हातांनी धरायला सांगा. शरीर आपोआप आडवे होते आणि मान अवघडत नाही.

दोघादोघांच्या जोड्या लावा. प्रत्येक जोडीत एक पोहणारा. बोटीपासून जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर प्रवाहच परत आणतो. डोक्यावर हात ठेवला की ‘ठीक आहे’, हात वर करून हलवला की ‘मदत हवी’. खाली उभे राहून विसावा घ्यायचा नाही. पायाखाली प्रवाळ असते किंवा काळे, लांब काट्यांचे सागरी साळिंदर. त्याचे काटे कातडीत तुटून राहतात.

कासवे दिसली की सगळे त्यांच्यामागे धावतात, आणि ती निघून जातात. दोन मीटर अंतर ठेवून स्थिर तरंगा. हिरवे कासव समुद्रगवत चरत असते, ते तुमच्याजवळून स्वतःच जाईल. त्याला श्वासासाठी वर यावे लागते, म्हणून त्याच्या थेट वर राहू नका. हात लावू नका. माशांचे तुकडे टाकून कासवांना जवळ बोलावण्याची पद्धत बार्बाडोसमध्ये पुष्कळ चालत आली आहे. तिने त्यांना माणसांची आणि बोटींची सवय लागते आणि पंख्याच्या पात्यांची इजा वाढते. खासगी बोटीवर तुमचा शब्द चालतो, तेव्हा आमच्या फेरीत खायला घालू नका असे कप्तानाला सकाळीच सांगा.

परत चढताना सर्वाधिक अपघात होऊ शकतात. इंजिन बंद असल्याचा इशारा मिळेपर्यंत शिडीपासून लांब थांबा. दोन नावांच्या मधल्या बोगद्यात शिरू नका, लाटेने डेक डोक्यावर आदळतो. एक हात शिडीला, दुसऱ्या हाताने फिन्स काढून वर द्या, मग पायऱ्या. शिडीवर एका वेळी एकच माणूस, आणि त्याच्या खाली कोणी नाही. नांगर उचलण्यापूर्वी तुमच्यापैकी एकाने नावे घेऊन हजेरी घ्यावी. नुसते डोके मोजण्यात चूक होते.

सहल संपल्यावर

टिप भाड्यात नसेल तर १० ते १५ टक्के, रोख, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांत वाटायची म्हणून सांगून. किनाऱ्यावर उतरलात तर सावलीसाठी झाड निवडताना खोडावर रंगाचा लाल पट्टा आहे का ते पाहा. तो मँचिनीलचा, त्याचे हिरव्या सफरचंदासारखे फळ विषारी असते आणि पावसात त्याच्या पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही अंगाला फोड येतात. कानात पाणी राहिले असेल तर मान कलती करून निथळू द्या, काडी घालू नका. संध्याकाळचे विमान असले तरी हरकत नाही, हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारल्यावर (स्कुबा) विमानाआधी थांबावे लागते, तसे पृष्ठभागावरच्या स्नॉर्केलिंगनंतर थांबावे लागत नाही.