जड पैलवानाशी जोड लागली तर

मातीवरच्या कुस्तीच्या मैदानात जोड, म्हणजे कोण कोणाशी लढणार ते, बऱ्याचदा अंदाजानंच लागते. त्यामुळे आपल्यापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी भारी गड्याशी सराव हवाच. पण त्याच्या छातीला छाती भिडवू नका. तो आधी मानेवर हात टाकून लोंबकळतो आणि दोन-तीन मिनिटांत तुमची मान, कंबर, दम सगळं संपवतो. तो हात टिकूच देऊ नका. त्याचं कोपर खालून वर ढकला आणि लगेच बाजूला सरका.

पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, समोरून सरळ घुसलात, की तो अंगावर पसरणार. आधी मनगट धरून त्याला ओढा. तोल सावरायला जो पाय पुढं येईल, त्याचा एकेरी पट (एकाच पायाचा) बाजूनं काढा. पाय उचलायच्या नादी लागू नका, मागं जाऊन पाठीवर ताबा घ्या. उचलून टाकायचे डाव इथं कंबरेचं नुकसानच करतात.

खाली सापडलात तर सपाट पडून राहू नका. कोपरं-गुडघे अंगाखाली घ्या. डोकं टेकवून मानेवर त्याचं वजन झेलणं सरावात तरी टाळाच, त्यापेक्षा चीत व्हा.