निर्गुडीचा शेक आणि तेल

ओढ्याकाठी, बांधावर निर्गुडी आपसूक उगवते. लावायचीच तर पावसाळ्याच्या तोंडाला फांद्या खोचा. उग्र वासामुळे गुरंशेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला उत्तम. एका देठावर तीन किंवा पाच लांबट पानं, मधलं सर्वांत मोठं. वरून हिरवी, खालून पांढुरकी. फुलं निळसर जांभळी. खात्रीसाठी पान चुरगळून वास घ्या.

जुना मुका मार, जुनी लचक, आखडलेली पाठ यांवर घरगुती उपाय शेकाचा. दोन मुठी पाला तव्यावर मऊ होईपर्यंत परता, सुती फडक्यात पुरचुंडी बांधा आणि आधी आपल्या मनगटावर लावून पाहा. पाला करपला तर बदला, त्यात ओल उरत नाही आणि शेक टोचतो. बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यातही हा पाला उकळायची जुनी रीत आहे.

तेलाला मात्र सवड हवी. अर्धा किलो ताजा पाला चार लिटर पाण्यात उकळून काढा एक लिटरवर आणा, गाळा. त्यात पाव लिटर तिळाचं तेल आणि साठ ग्रॅम पानांचा वाटलेला गोळा घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. शेवटी शेवटी सतत ढवळा, कारण गोळा तळाला बसून जळतो आणि तेलाला करपट वास येतो. तेल झालं हे घड्याळावरून ठरवू नका. गोळ्यातला चिमूटभर भाग बोटांत वळून बघा: वात वळली आणि ती ज्योतीवर धरल्यावर तडतडली नाही, तर पाणी संपलं. ही परीक्षा टाळली की ओल राहते आणि तेल लवकर बिघडतं. कोमट असतानाच गाळा, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

तेल फक्त बाहेरून लावायचं. जखमेवर नाही, पोटातही नाही. सांधा लाल, गरम होऊन ताप आला असेल तर चोळत बसू नका, डॉक्टर गाठा.

उरलेला पाला सावलीत कडकडीत वाळवून धान्याच्या कणगीत थराथरानं घालतात, कीड कमी लागते. अर्धवट वाळलेला घातलात तर धान्यालाच बुरशी येईल.