प्रौढांमधील एडीएचडी आणि चिंताविकार : ओळखताना होणाऱ्या या चुका टाळा

कल्याणहून ७.४२ ची जलद लोकल पकडायची म्हणून सात वाजताच फलाटावर येऊन उभी राहणारी, पास आणि चाव्या पर्समध्ये आहेत ना हे तीन-तीनदा चाचपून पाहणारी, आणि फोर्टमधल्या कार्यालयात पोहोचल्यावरही ‘गॅस बंद केला होता का?’ या विचाराने अस्वस्थ होणारी चाळिशीतली एखादी बाई डॉक्टरांसमोर बसली, तर तिला चिंताविकार आहे असे निदान होणे स्वाभाविक आहे आणि ते बहुधा बरोबरही असते. राहून जातो तो एकच प्रश्न : ही काळजी तिला लागली कशामुळे? पास दोनदा हरवला, लॅच ओढला गेला आणि चाव्या आत राहिल्या, दूध उतू जाऊन शेगडी विझली, असे वर्षानुवर्षे घडत आले असेल, तर तिची काळजी निराधार नाही. स्वतःच्या विसराळूपणावर तिने स्वतःच शोधलेला तो उपाय आहे, आणि त्याची किंमत ती छातीतल्या धडधडीने मोजते आहे.

एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार असून तो बालपणी सुरू होतो आणि अनेकांमध्ये मोठेपणीही टिकून राहतो. अमेरिकेतील एका राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तेथील प्रौढांपैकी ४.४ टक्के लोकांना हा विकार असल्याचा अंदाज मांडला गेला आणि त्यांतल्या सुमारे ४७ टक्के लोकांना वर्षभरात कोणता ना कोणता चिंताविकारही असल्याचे दिसले. त्यामुळे चिंतेचे निदान झाले की शोध तेथेच थांबवणे, ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय.

‘लक्ष लागते का?’ एवढेच विचारणे

या प्रश्नाला दोन्ही विकारांत ‘नाही’ असेच उत्तर येते. म्हणून मन भटकते तेव्हा ते कोठे जाते, हे विचारावे. चिंताग्रस्त मन पुन्हा पुन्हा त्याच खुंटीला येऊन अडकते : घराचा हप्ता, मुलाची दहावी, आईचा रिपोर्ट. एडीएचडीमध्ये मन फायलीवरून खिडकीतल्या कबुतराकडे, तेथून ग्रिलला लावायच्या रंगाकडे आणि मग भलतीकडेच जाते, आणि त्यात भीतीचा अंशही नसतो. काळजी नसते तेव्हाची स्थितीही पाहावी. निकाल लागला, रिपोर्ट चांगला आला, की चिंताग्रस्त माणसाचे लक्ष बऱ्याच अंशी परत येते. एडीएचडी असलेला माणूस कोकणातल्या निवांत सुटीतही पुस्तकाचे तेच पान चौथ्यांदा वाचत असतो. चालढकलीतही हाच फरक दिसतो. काम बिघडेल या भीतीने ते टाळणे वेगळे, आणि कसलीही भीती नसताना, शेवटची तारीख डोक्यावर येईपर्यंत हातच न लागणे वेगळे. मात्र दोन्ही विकार एकत्र असतात तेव्हा उत्तरे सरमिसळ येतात, त्यामुळे इतकी स्वच्छ विभागणी प्रत्येकात होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

‘क्रिकेटचा सामना पाच तास बघतो, मग याला कसली एडीएचडी?’ हा घरोघरचा युक्तिवादही टिकत नाही, कारण अडचण लक्ष मुळीच नसण्याची नसून ते हवे तेथे वळवता न येण्याची आहे.

बालपण न तपासणे

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेनुसार काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात. त्याआधीच्या आवृत्तीत ही मर्यादा ७ वर्षे होती. अनवधानाची नऊ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची नऊ अशा दोन गटांपैकी एका गटातील किमान पाच लक्षणे १७ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीत सहा महिने असावीत आणि काही लक्षणे घर, कार्यालय अशा दोन तरी ठिकाणी जाणवावीत, असा निकष आहे. पस्तिशीत नोकरी गेल्यानंतरच लक्ष विस्कटले असेल, तर कारण आधी अन्यत्र शोधावे.

पुरावा अनेकदा माळ्यावरच्या पेटीत असतो : ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ असा शेरा असलेले प्रगतिपुस्तक. आई, मावशी, थोरला भाऊ यांच्या आठवणीही कामाच्या असतात. वेंधळा, धांदरट, विसरभोळा, आरंभशूर असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. दुर्दैवाने ते सारे स्वभावाचे दोष म्हणून वापरले गेले. शांतपणे खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीला तर तेवढेही नाव मिळाले नाही. चांगले गुण मिळाले म्हणून एडीएचडी नाही, असेही मानू नये, कारण शेजारी बसून अभ्यास घेणारी आई आणि क्लासचे वेळापत्रक पुष्कळ काही सावरून धरतात. ते आधार सुटतात लग्नानंतर, मूल झाल्यावर किंवा बढती मिळाल्यावर.

प्रश्नावलीलाच निदान समजणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेल्या एएसआरएस या प्रौढांमधील एडीएचडीच्या प्रश्नावलीत १८ प्रश्न असून त्यांतले पहिले सहा प्राथमिक चाळणीसाठी आहेत. चिंतेमुळेही त्यात गुण वाढू शकतात. रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने एडीएचडीचे निदान होत नाही; तरीही थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेणे योग्य, कारण त्यांच्या बिघाडानेही लक्ष ढासळते. मोठ्याने घोरणाऱ्याने झोपेतील श्वासरोधाची शंका डॉक्टरांना सांगावी. आणि रोज चार तास प्रवास करून पाच तास झोपणाऱ्या मुंबईकराचे लक्ष कोणत्याही विकाराविनाही उडते, हे झोपेचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

औषधांबाबत घाई

एस.एस.आर.आय. गटातील औषधे चिंता कमी करतात, पण अवधान सहसा सुधारत नाहीत. काही वेळा तर काळजी ओसरताच तीनदा चाचपणे थांबते, पास पुन्हा हरवू लागतो आणि ‘औषधाने मी बेफिकीर झाले’ असे वाटून उपचार सोडला जातो. असे घडले तर औषध परस्पर बंद न करता हीच गोष्ट डॉक्टरांना सांगावी, कारण निदानासाठी ती मोलाची आहे. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाने नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, धडधड जाणवू शकते. पण कामे आवाक्यात आल्यामुळे काहींची चिंता उलट कमी होते, म्हणून चिंताविकार आहे एवढ्यावरून हा पर्याय आपोआप बाद होत नाही. अॅटोमॉक्सेटिन या एडीएचडीवरच्याच दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन हे एस.एस.आर.आय. गटातील औषध चालू असल्यास रक्तातील त्याचे प्रमाण वाढू शकते. त्यामुळे चालू औषधांची पूर्ण यादी दाखवावी आणि दिवसभरातल्या चहाचे कपही मोजून सांगावेत.

मुंबईतील केईएम, नायर, शीव आणि जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरांच्या वाट्याला प्रत्येकासाठी मोजकाच वेळ येतो, म्हणून वयानुसार चार-पाच ठळक प्रसंग, झोपेचे तास आणि औषधांची नावे एका कागदावर लिहून न्यावीत आणि शक्य असल्यास लहानपणापासून ओळखणारे कोणी तरी सोबत न्यावे. तो कागद घरीच राहण्याची शक्यता बरीच असल्यामुळे आदल्या रात्री मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा.