‘आज शाळेत काय झालं?’ : वर्गातली रोजची खबर घरी पोचवताना

पहिल्यांदा वर्गशिक्षिका झाले तेव्हा पालकांशी बोलायचं ते पालकसभेत, असं मी धरून चालले होते. वर्षातून तीन-चार सभा, त्यात गुणपत्रिका, थोडं कौतुक, थोडी तक्रार. पहिल्याच सभेनंतर एक आई मागे थांबल्या. गुणांबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही. “मॅडम, तो मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतो?” एवढंच विचारलं. मला सांगता आलं नाही. त्याला रोज बघत होते, त्याच्या वह्या तपासत होते, पण घंटा झाल्यावर तो कुठे जातो हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

प्राथमिक शाळेतलं मूल घरी आल्या आल्या दप्तर टाकायच्या आत सगळं सांगून मोकळं होतं. तेरा-चौदाव्या वर्षी हे सांगणं आटतं. “काय झालं आज?” “काही नाही.” “काही नाही म्हणजे?” “नेहमीचंच.” त्यात मुलांचं काही चुकत नाही, ते वयच तसं आहे. पण घरच्यांच्या हातात मग गुणपत्रिका आणि शाळेतून आलेला फोन एवढंच उरतं, आणि फोन बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावरच गेलेला असतो. म्हणून पुढच्या वर्षीपासून मी रोज शाळा सुटल्यावर पालकांना चार-पाच ओळी पाठवायला लागले. तुम्हाला नुकताच वर्ग मिळाला असेल तर त्यात मी जे शिकले, ते तुमच्या उपयोगी पडेल.

सुरुवातीचे माझे निरोप फार कोरडे होते. ‘गणित : प्रकरण पाच पूर्ण. विज्ञान : प्रयोग. उद्या चित्रकलेची वही आणणे.’ वेळेवर जायचे, पण वाचत कुणी नसे. एक दिवस वेळ होता म्हणून जरा सविस्तर लिहिलं : ‘आज प्रयोगशाळेत मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळे टाकून ठेवले. तास संपेपर्यंत खिळ्यांवर तांबूस थर चढला होता आणि द्रावणाचा निळा रंग फिका पडायला लागला होता. लोखंडावर तांबं कुठून आलं, हे मुलांना विचारा.’ दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील फाटकाशी भेटले. म्हणाले, “काल अर्धा तास ती मला शिकवत होती.” अर्धा तास! आणि हीच मुलगी महिनाभर घरी ‘काही नाही’वर भागवत होती.

तेव्हा कळलं, निरोपात सगळं सांगून टाकायचं नाही. पालकांच्या हातात एक चांगला प्रश्न द्यायचा आणि उत्तर मुलाकडे ठेवायचं. ‘आज काय झालं?’ या प्रश्नाला मूल कंटाळतं, ‘खिळ्यावर तांबं कुठून आलं?’ या प्रश्नाला ते थांबतं, कारण इथे त्याला माहीत असलेलं आई-बाबांना माहीत नसतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉयस एपस्टीन यांनी घर आणि शाळा यांच्या नात्यावर कित्येक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या गटाने अशा गृहपाठाची पद्धतच बसवली, ज्यात मुलाने घरातल्या कुणाशी तरी बोलल्याशिवाय गृहपाठ पुरा होत नाही. पालकांनी विषय शिकवावा अशी त्यात अपेक्षा नसते. त्यांनी फक्त ऐकायचं, आणि मुलाने दाखवायचं. मला हे फार पटतं, कारण शिक्षण कमी झालेल्या पालकांनाही यात कमीपणा वाटत नाही.

निरोप छोटाच ठेवा. वर्गात घडलेला एक प्रसंग, उद्या काय लागणार आहे ते, आणि मुलाला विचारायचा एक प्रश्न, बस. रोज जमणार नसेल तर आठवड्यातून दोन दिवस ठरवा, पण ते दिवस चुकवू नका. पहिल्या महिन्यात उत्साहाने रोज लिहून दुसऱ्या महिन्यात गप्प झालेल्या शिक्षकाबद्दल पालकांना काळजी वाटायला लागते : काही झालंय का, आपल्यापासून काही लपवतायत का? माझी वेळ शाळा सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासातली आहे. तेव्हा दिवस ताजा असतो आणि पालकांना निरोप मूल घरी भेटायच्या सुमारास मिळतो.

त्यासाठी टाचणांच्या वहीखेरीज एक वेगळी छोटी वही ठेवा. एका पानावर वर्गातली सगळी नावं, पुढे रकाने. ज्या मुलाबद्दल मी त्या दिवशी काही पाहिलं, त्याच्यापुढे दोन शब्द. ‘फळ्यावर स्वतःहून आला.’ ‘ग्रंथालयात एकटी.’ ‘कबड्डीत पडलेल्याला उठवलं.’ महिनाअखेरीला काही नावांपुढे रकाना कोराच दिसतो. ही बहुतेक वेळा शांत, मधल्या बाकांवरची, गुणही मधलेच असलेली मुलं असतात. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्यांच्याकडे बघते. त्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर मला या वहीने दिलं.

साधन कोणतं वापरायचं याच्या चर्चेत फार वेळ घालवू नका. पालक आधीपासून जे वापरतात तेच बरं. व्हॉट्सॲपचा गट करणार असाल तर फक्त ॲडमिनलाच संदेश पाठवता येतील अशी सोय त्यात आहे, ती पहिल्याच दिवशी लावून टाका, नाहीतर गृहपाठाची सूचना शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची सोय, वापरणार असाल तर एक गोष्ट मला उशिरा कळली : ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला नसेल, त्यांना तो संदेश पोचतच नाही. मी कित्येक आठवडे मन लावून लिहीत होते आणि वर्गातल्या बऱ्याच घरी त्यातलं काहीच जात नव्हतं. सभेत एका आजोबांनी “आम्हाला तर शाळेकडून काहीच येत नाही” म्हटलं, तेव्हा शोध लागला. तेव्हापासून पहिल्या सभेतच सगळ्यांना नंबर जतन करायला लावते, तिथल्या तिथे एक संदेश पाठवते आणि तो आला का हे हात वर करून विचारते. ज्यांना वाचायला जड जातं त्यांना तेच आवाजात बोलून पाठवते. आई-वडील वेगळे राहत असतील तर कोणाला कळवायचं हे कार्यालयातल्या नोंदीवरून पक्कं करून घ्या, मुलाला विचारून नव्हे. मुलाला त्या पेचात टाकू नये.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. एका आठवड्यात गृहपाठ न आणणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून मी चिडून सात मुलांची नावं सगळ्या पालकांच्या गटावर टाकली. तासाभरात सातही घरांतून उत्तरं आली, माफी मागणारी. दुसऱ्या दिवशी सातही जणांचा गृहपाठ आला. मला वाटलं, जमलं. पण त्यातल्या एका मुलाने त्यानंतर माझ्या तासाला हात वर करणं सोडलं. मी बोलावून विचारलं तर खाली बघत म्हणाला, “आता सगळ्यांच्या घरी माहितीये.” त्याची समजूत काढायला मला जवळजवळ सहामाही लागली. तेव्हापासून नियम : कौतुक असलं तरी एकट्याचं नाव सगळ्यांसमोर घ्यायच्या आधी त्या मुलाला विचारायचं, उणीव, गुण, वागणूक यांतलं काहीही गटावर नाही, फक्त त्याच्या घरी. छायाचित्रांचंही तसंच. पालकांची लेखी संमती हवी आणि मुलाचा होकारही. मी बहुधा फळा, मातीकाम करणारे हात, मागून दिसणारा वर्ग एवढंच टिपते. रागाच्या भरात लिहिलेला निरोप पाठवू नका, रात्रभर ठेवा. सकाळी त्यातलं अर्धं तुम्ही स्वतःच खोडाल.

पण याचा अर्थ फक्त गोड बोलायचं असा नाही. मी मधली दोन वर्षं तसं केलं. प्रत्येक घरी फक्त चांगलं कळवायचं, पालक खूश, मीही खूश. मग मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचनात आला. नापास झालेला विषय उन्हाळ्यात पुन्हा शिकणाऱ्या अमेरिकेतल्या माध्यमिक विद्यार्थ्यांच्या पालकांना शिक्षकांकडून आठवड्याला फक्त एका वाक्याचा निरोप गेला. काहींना कौतुकाचा, काहींना मुलाने काय सुधारावं याचा, काहींना काहीच नाही. निरोप न गेलेल्यांमध्ये १५.८ टक्के मुलांच्या पदरात तो विषय पडला नाही, निरोप गेलेल्यांमध्ये ९.३ टक्के. आणि जास्त गुण आला तो सुधारणा सांगणाऱ्या वाक्याला. मी पुन्हा माझे निरोप काढून वाचले. ‘खूप छान मुलगी आहे’, ‘वर्गात लक्ष असतं’. यावर घरी कोण काय करणार? आता मी असं लिहिते : ‘निबंधात तिचे विचार चांगले असतात, पण परिच्छेद पाडत नाही. शुक्रवारी निबंध आहे, लिहून झाल्यावर तिला एकदा मोठ्याने वाचायला सांगा.’ त्यात दोष आहे, पण आज संध्याकाळी करता येईल असं कामही आहे.

वर्षातला पहिला फोन मात्र चांगल्याच कारणासाठी करा. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येक घरी एक, रोज दोन-तीन केले की वर्ग पुरा होतो. फोन उचलताच समोरून “काय केलं त्याने?” हेच येतं. “काही नाही, आज त्याने नव्या मुलाला सगळी शाळा फिरून दाखवली, ते सांगायला केला,” म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता होते. पुढे कधी कठीण बोलायची वेळ आली की हाच फोन उपयोगी पडतो.

गैरहजेरी त्याच दिवशी, दुसऱ्या तासापर्यंत कळवा. घरून निघालेलं मूल शाळेत पोचलं नसेल तर पालकांना ते संध्याकाळी कळणं फार उशिराचं आहे. याशिवाय महिन्यातून एकदा एकूण आकडाही सांगा. आपल्या मुलाची शाळा किती दिवस बुडाली याचा पालकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो. ‘एखाद-दुसरा दिवस’ म्हणणाऱ्यांना अकरा दिवस झालेले पाहून खरंच धक्का बसतो. फिलाडेल्फियात २८ हजारांहून जास्त घरांमध्ये झालेल्या प्रयोगात पालकांना पत्राने फक्त हा एकूण आकडा कळवला, तर वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त घटलं. आकडा सांगताना सूर जाब विचारण्याचा नको. ‘त्याची आठवण येते वर्गात’ हे वाक्य मी नेहमी जोडते, आणि ते खरं असतं.

दुखापत किंवा आजारपण झालं तर संदेश कधीच नाही, फोनच. आणि बोलण्याचा क्रम पाठ करून ठेवा : आधी मूल आता कसं आहे, मग ते कुठे आणि कुणाजवळ आहे, त्यानंतर काय घडलं. आपण घाबरलेलो असलो की गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागतो, ‘मैदानावर सामना चालू होता, तेवढ्यात…’ आणि तोवर पलीकडच्या आईचा जीव कंठाशी आलेला असतो.

सगळ्यात अवघड भाग काय सांगायचं नाही हा आहे. या वयाची मुलं शिक्षकाला काहीबाही सांगतात : कुणाशी भांडण झालं, कुणी आवडतं, घरी कुणाचा राग येतो. हे रोजच्या निरोपात येऊ लागलं तर तुम्ही पालकांचे हेर झालात, आणि मुलांना ते एका आठवड्यात कळतं. मी मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगते की घरी मी वर्गातलं काम, हजेरी आणि तब्येत कळवते. तुमच्या गोष्टी तुमच्या. पण त्याच वेळी हेही सांगते की तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी त्रास देत असेल, तर ते मी माझ्यापाशी ठेवणार नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मी कधीच देत नाही. अशी वेळ आली की समुपदेशक आणि मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगायचं, आणि घरी कळवण्यात धोका नसेल तर मुलाला आधी विश्वासात घेऊन : “हे आईला सांगायला हवं. तू सांगतोस, मी सांगू, की दोघं मिळून सांगू या?” मला बहुतेक मुलांनी ‘दोघं मिळून’ म्हटलं आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “आमच्याबद्दल रोज तुम्हीच का लिहिता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून निरोप मुलं लिहायला लागली, जोडीजोडीने, पाळीप्रमाणे. शेवटच्या तासानंतर दोघं माझ्या टेबलाशी बसतात, मी वाचते, कुणाचं मन दुखेल असं काही असेल तर बोलून काढतो, शुद्धलेखन तेच एकमेकांचं तपासतात. मला कधी दिसलं नसतं असं त्यात येतं : ‘आज इतिहासाच्या तासाला पाऊस इतका मोठा होता की सरांनी सगळा धडा फळ्यावर चित्रं काढून शिकवला.’ पालक आता उत्तरंही पाठवतात, आणि ती दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर मी वर्गात वाचून दाखवते.

वर्ष संपताना पुढच्या वर्गशिक्षकांना हजेरी, तब्येतीच्या नोंदी, आणि कोणत्या घरी फोन बरा, कुठे आवाजातला निरोप बरा, किती वाजता केला तर उचलतात, ही यादी द्या. ती त्यांचे पहिले दोन महिने वाचवते. छोटी वही मात्र मी देत नाही. नव्या शिक्षकांनी त्या मुलांना नव्याने पाहावं म्हणून ती मी शेवटच्या दिवशी फाडून टाकते.