रायफलवरची दुर्बीण घेताना आणि सांभाळताना

नवा नेमबाज पहिलं विचारतो, "झूम किती घेऊ?" मी सांगतो, आधी काच बघा. कागदी लक्ष्यावर 50 मीटरला 9 पट मला पुरते. झूम वाढवली की दिसणारा भाग आकसतो आणि हाताचा कंपही मोठा दिसतो. 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत तर दुर्बीण चालतच नाही, तिथे पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट, लागते. स्प्रिंगच्या एअर रायफलवर मात्र तिच्यासाठीच बनवलेली दुर्बीण घ्या. तिचा धक्का मागे आणि पुढे, दोन्हीकडे बसतो. साधी दुर्बीण त्याने आतून खिळखिळी होते.

एकदा माझ्या गोळ्या दर सरावाला थोड्या डावीकडे सरकत होत्या. आठवडाभर मी दुर्बिणीचा नेम सरकवणारा नॉबच फिरवत बसलो. दोष निघाला माउंटच्या, म्हणजे दुर्बीण रायफलवर धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, एका स्क्रूत! आता स्क्रू घट्ट केला की त्याच्या डोक्यावरून माउंटवर रंगाची बारीक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली, की स्क्रू फिरलाय. त्यानंतरच नॉबला हात. नॉबची पाव मिनिटाची (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक नेम 100 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर सरकवते, 50 वर त्याच्या निम्मं.

काच पुसण्याआधी बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब काचेवर बसतात. रबरी ब्लोअरने धूळ उडवा, मऊ ब्रश फिरवा, मगच लेन्सचं कापड, मधून कडेकडे गोल. धुळीवर कापड घासलं तर कोटिंगवर ओरखडे उठतात, ते परत जात नाहीत.