मेंदू शिकायला निघालात? आधी पत्त्यांचा डाव मांडा

कॉग्निटिव्ह सायन्सकडे, म्हणजे मन आणि मेंदू कसे चालतात याच्या अभ्यासाकडे, वळणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बारावीला बायो नव्हतं, चालेल का? चालतं, माझंही नव्हतं. कोडिंग हवंच का? पायथॉन शिकाच, पण संख्याशास्त्र टाळलंत तर पुढे निभाव लागत नाही.

सुरुवात मात्र मेंदूच्या भागांची नावं घोकून करू नका. १९९४ सालचा आयोवा गॅम्बलिंग टास्क घ्या. मेंदू-संशोधक बेशारा, दमासिओ आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग आम्ही वर्गात एकमेकांवर करून पाहिला होता. पत्त्यांचे चार गठ्ठे. ए आणि बी मधल्या दर पानाला १०० डॉलर (खोटे, अर्थात), पण मधूनच असा दंड बसतो की दहा पानांमागे २५० चा तोटा. सी आणि डी दर पानाला ५० च देतात, पण दहा पानांमागे २५० शिल्लक राहतात. हे आधी कुणी सांगत नाही. धडधाकट माणूस हळूहळू सी-डीकडे सरकतो. मेंदूच्या कपाळामागच्या, डोळ्यांच्या वरच्या भागाला इजा झालेले रुग्ण ए-बीच उचलत राहतात. बुद्ध्यंक शाबूत, बोलणं शाबूत, निर्णय मात्र बुडीत. १९९७ च्या पेपरात याच गटाने हाताच्या घामाचीही मोजणी मांडली; घाम ही भावनेची खूण. कुठला गठ्ठा वाईट हे सांगता येण्याआधीच निरोगी लोकांचा हात त्याकडे जाताना घामेजायचा, रुग्णांचा नाही. भावना बाजूला ठेवून निर्णय घ्या, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे चांगलाच अडचणीत येतो.

आता २००४ चा माया आणि मॅक्लेलंड या संशोधकांचा पेपर वाचा. त्यांनी खेळाडूंना नेमके, बारकाईने प्रश्न विचारले, तर कुठला गठ्ठा बरा हे त्यांना बरंच आधी कळलेलं निघालं. मग घाम आधी की समज आधी? हा वाद ज्याला चघळावासा वाटतो, त्याने या क्षेत्रात जरूर यावं.

एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनच्या, रंगीत चित्रांना भुलू नका. ते यंत्र पेशींचे संदेश पकडत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक टिपतं, आणि तोही काही सेकंद उशिराने.

प्रवेशासाठी अलाहाबाद विद्यापीठाचं या विषयाचं केंद्र, आयआयटी गांधीनगर आणि मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र पाहा. रुग्ण तपासायचे असतील तर मात्र ही पदवी पुरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा अभ्यासक्रमच करावा लागतो. फॉर्म भरण्याआधी हे घरच्यांनाही सांगून ठेवा.