तुमच्या भागातला रस्ता चालत ओलांडता यावा म्हणून काय काय करायचं

२०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, वाघोली, म्हाळुंगे, सूस, नऱ्हे वगैरे. टॉवर आधी उभे राहिले, रस्ते नंतर रुंद झाले आणि फूटपाथ कुठे झाला, कुठे राहूनच गेला. अशा भागात राहत असाल आणि समोरच्या बसस्टॉपवर जायचं म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटात गोळा येत असेल तर हे तुमच्यासाठी. नाशिक, संभाजीनगर, पनवेलवाल्यांनाही चालेल, ऑफिसांची नावं थोडी बदलतील इतकंच.

आधी "आपल्या लोकांना शिस्तच नाही" हे जरा बाजूला ठेवा. नाहीये शिस्त, मान्य. पण तोच माणूस तीच बाइक पेठेतल्या बोळात वीसने चालवतो आणि विकास आराखड्यातल्या रुंद डीपी रोडवर साठने, कारण रस्ता त्याला तेवढं पळू देतो. ताशी ५० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते आणि ३० ला ८ मीटर, आणि पोरगं आडवं आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच एवढं अंतर कापलेलं असतं. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातात गेली, त्यातली ७० टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या खात्यात, हे केंद्राच्याच अहवालात आहे. तरी आपल्याकडे उपाय काय, तर रस्ता सुरक्षा सप्ताह आणि गुलाबाचं फूल.

तर एकच जागा निवडा. अख्ख्या प्रभागाचं गाऱ्हाणं घेऊन गेलात की साहेब मान डोलावतात आणि काही होत नाही. शाळा सुटायच्या वेळी एकदा आणि संध्याकाळी सातच्या सुमारास एकदा तिथे जाऊन उभे राहा, टेप घ्या, मोबाइल घ्या. रस्ता किती मीटर, झेब्रा कुठे मारलाय आणि लोक खरे कुठून ओलांडतात (या दोन जागा बऱ्याचदा वेगळ्याच निघतात), दिवा आहे का, रिक्षा कुठे उभ्या राहतात, पंधरा मिनिटांत किती जण चालत गेले आणि त्यातले किती जण पळत गेले किंवा अर्ध्यातून मागे फिरले, सगळं लिहून काढा.

हे मोजणं का लागतं ते सांगतो. हायवेवरच्या ब्लॅक स्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, सरकारी व्याख्या अशी आहे की साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमेचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. म्हणजे माणसं गेल्याशिवाय जागा यादीत येतच नाही. थोडक्यात वाचलेल्यांची नोंद कुठेच नसते, ती तुम्हालाच करावी लागते. जोडीला १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पोलिसांकडे टाका आणि त्या जागेचे तीन वर्षांचे अपघात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

आता मागायचं काय. सगळे स्पीडब्रेकर मागतात, आणि मिळतोही, ठेकेदार उरलेल्या डांबराचा एक उंचवटा टाकून जातो, त्यावर ना पट्टे ना आधी बोर्ड, आणि रात्री स्कूटरवाल्याची कंबर जाते. इंडियन रोड काँग्रेसच्या मापात गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे हळू चढ, हळू उतार. माझं मत विचाराल तर नुसता गतिरोधक न मागता उंच झेब्रा मागा, म्हणजे फूटपाथच्याच लेव्हलला रस्ता उचललेला, गाडी आपोआप हळू होते आणि व्हीलचेअर, बाबागाडी सरळ पलीकडे जाते. फक्त कडेने पाणी जायला जागा ठेवायला सांगा, नाहीतर जूनमध्ये तिथे तळं होईल आणि मग तोच झेब्रा उखडा म्हणून लोक मागे लागतील.

रस्ता रुंद असेल तर दुभाजकात थांबायला जागा पाहिजेच. हिशोब सोपा आहे, २४ मीटरचा रस्ता आणि सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तर २० सेकंद लागतात, आजींची चाल ०.८ धरली तर ३०. सिग्नल २० चा असेल तर आजींचे आठ मीटर बाकी असतानाच गाड्या सुटतात. मध्ये उभं राहायला दीड-दोन मीटर मिळाले की दोन टप्प्यांत जाता येतं.

आणि फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मोकळीक! कोपरा जितका गोल आणि ऐसपैस तितकी गाडी वळताना जोरात. कोपरा आवळला की वळायला हळू व्हावंच लागतं आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं.

फूटपाथचं म्हणाल तर १.८ मीटर मोकळा पाहिजे, मोकळा म्हणजे विजेचे डीपी बॉक्स, खांब, राडारोडा सोडून, आणि उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको, गुडघाभर फूटपाथवर कोण चढणार. फेरीवाले हटवा ही मागणी यात घुसवू नका, त्यांना आखून जागा द्या म्हणा, रात्री नऊला त्यांच्या हातगाड्यांच्या उजेडामुळेच बायका तिथून चालू शकतात. पुण्यात जेएम (जंगली महाराज) रोडवर फूटपाथ मोठा केला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, आता संध्याकाळी तिथे बाकावर जागा मिळत नाही.

अर्ज देण्याआधी रस्ता कोणाचा ते बघा, महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं) की एनएचएआय (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण). पुण्याच्या नवले पुलाचंच घ्या, कात्रजच्या नवीन बोगद्यातून निघालं की लांबलचक उतार, अवजड गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रलवर येतात. २०२२ च्या नोव्हेंबरात एकाच अपघातात चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या गेल्या. हायवे एनएचएआयचा, वस्ती महापालिकेची आणि वाहतूक पोलीस तिसरेच. अशा ठिकाणी तिघांनाही एकच पत्र द्या आणि तिन्ही आवक नंबर घ्या. पत्रात मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ लिहा, २०१९ च्या दुरुस्तीत आलंय, रस्त्याचं डिझाइन किंवा देखभाल ठरलेल्या मापात नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांना बजेटमध्ये कामं सुचवता येतात, त्याची जाहिरात आली की क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरा, एक उंच झेब्रा आणि दोन दिवे असलं छोटं काम त्यात बसू शकतं.

दुकानदार पार्किंग जाईल म्हणून ओरडतील, त्यांना आधीच भेटा. लक्ष्मी रोड २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद असतो, तेही दाखवा. आणि एकदम सिमेंट नको, पोलिसांची परवानगी घेऊन कोन, बॅरिकेड आणि चुन्याच्या रेषांनी कोपरा आवळून बघू असं सुचवा. ट्रायल रविवारी करू नका, रविवारी सगळंच छान चालतं. सोमवारी सकाळी करा, पीएमपीची बस वळते का, अग्निशमनची गाडी जाते का ते तिथेच दिसेल, नाही वळली तर कोन फूटभर सरकवायचे, फोडाफोड नाही.

काम झालं की आधी मोजलं होतं त्याच वेळेला त्याच जागी पुन्हा मोजा, पळत जाणारे किती कमी झाले ते पुढच्या चौकाच्या अर्जाला जोडा. आणि वर्क ऑर्डरची कॉपी मागून घ्या, त्यात डिफेक्ट लायबिलिटी पीरियड किती आहे ते बघा, तेवढ्या मुदतीत काम उखडलं किंवा पट्टे गेले तर ठेकेदाराकडून फुकट करून घेण्यासाठी जेईच्या (कनिष्ठ अभियंत्याच्या) मागे लागता येतं.